पाळणाघर, सर्दी आणि आपण आजी-आजोबा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला "आरोग्यावर काहीतरी बोल" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा आपलंच आरोग्य असावं. गुडघे, साखर, रक्तदाब वगैरे. पण मी मुलांची डॉक्टर. मोठ्या माणसांच्या गुडघ्यांतलं मला फारसं कळत नाही. शिवाय १९८५ च्या दहावीची आपली तुकडी आता आजी-आजोबा व्हायला लागली आहे. आज सकाळी नाश्त्याच्या रांगेत चार जणांनी मला बाजूला घेऊन जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "नातू पाळणाघरात जायला लागल्यापासून सारखा आजारी असतो गं. बंद करायला सांगू का?" चौघांना चार वेळा सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगते.

उत्तर आधी देऊन टाकते. बहुतेक वेळा, नाही. बंद करायला सांगू नका. आता का, ते ऐका.

आपल्याकडे २०१७ मध्ये मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यावं, हेही त्याच कायद्यात आलं. कायदा चांगला आहे. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि नेमक्या याच सुमाराला आईकडून पोटात असताना मिळालेली संरक्षक प्रथिनं बाळाच्या रक्तातून संपत आलेली असतात. त्याची स्वतःची फौज अजून उभी राहायची असते. आईची रजा आणि आईची शिदोरी अशी एकाच वेळी संपते आणि त्याच सोमवारी बाळ दहा-बारा पोरांच्या खोलीत जाऊन बसतं. मग नाक वाहणारच.

किती वाहणार? पाच वर्षांखालच्या धडधाकट मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होते. पाळणाघरातल्या मुलाला पहिल्या वर्षी दहा-बारा वेळाही होऊ शकते. प्रत्येक सर्दी आठ-दहा दिवस रेंगाळते. गणिताच्या सरांसमोर हिशेब मांडायला भीती वाटते, पण बारा गुणिले दहा केलं की वर्षातले चार महिने नाक गळतंच. आजीला वाटतं तीच सर्दी बरी होत नाहीये. खरं तर एक जाते आणि दुसरी येते. मधल्या काळात मूल खेळतंय, खातंय, वजन वाढतंय, तर त्याच्या प्रतिकारशक्तीत काही खोट नाही. ती वाढवणारी म्हणून विकली जाणारी सिरपं घेऊ नका. त्या पैशांत बाळासाठी फळं आणा.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन गावात जन्मापासून मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी घरी राहिलेल्यांपेक्षा जास्त सर्दी झाली. पण पुढे सहा ते अकरा या शाळेच्या वयात त्यांनाच कमी झाली, आणि तेराव्या वर्षापर्यंत फरक मिटला. थोडक्यात, हे विषाणू कधीतरी भेटायचेच आहेत. पाळणाघरातल्या मुलाला ते लवकर भेटतात. म्हणून सुनेला किंवा लेकीला "तुझ्या नोकरीपायी पोराचे हाल" असं म्हणण्याआधी जरा थांबा.

पण सगळं आपोआप ठीक होतं असंही मी म्हणणार नाही. कारण मी दुसरी बाजू रोज बघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची सात लाख चाळीस हजार मुलं न्यूमोनियाने गेली. बाळाची श्वासनळी आधीच अरुंद असते. समजा ती चार मिलिमीटर रुंदीची आहे आणि आतून सगळीकडून एकच मिलिमीटर सूज आली, तर हवेची तीन चतुर्थांश वाट बंद होते. आपल्याला तेवढ्याच सुजेने नुसता घसा खवखवल्यासारखं होतं. शहाळं पिताना नळी दाताखाली दाबून बघा, म्हणजे बाळाला काय होतं ते कळेल. त्यामुळे दहा सर्द्या शून्यावर आणायच्या नादी मी लागत नाही. त्या दहांपैकी एकही छातीत उतरू नये, आणि उतरलीच तर पहिल्या दिवशी ओळखता यावी, एवढ्यासाठी माझी धडपड असते.

सर्दी पसरते कशी? १९८१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या कॅरोलिन ब्रीस हॉल या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने फार गमतीदार प्रयोग केला. आरएसव्ही नावाचा एक विषाणू आहे. तान्ह्या बाळांच्या छातीला तो सगळ्यात जास्त छळतो. त्याची लागण झालेली बाळं रुग्णालयात होती. स्वयंसेवकांचे तीन गट केले. पहिल्या गटाने बाळाला कुशीत घेतलं, भरवलं, खेळवलं. दुसऱ्या गटाने बाळ नसताना खोलीत जाऊन त्याचा पाळणा, खेळणी वगैरेंना हात लावला आणि मग आपल्या नाका-डोळ्यांना लावला. तिसरा गट बाळापासून सहा फुटांवर नुसता बसला. कुशीत घेणाऱ्या सातांपैकी पाच जणांना लागण झाली. नुसता वस्तूंना हात लावणाऱ्या दहांपैकी चौघांना झाली. लांब बसलेल्या चौदांपैकी एकालाही नाही.

दुसऱ्या गटाकडे लक्ष द्या. ते बाळाच्या जवळही गेले नव्हते. विषाणू त्यांच्या हातांवरून गेला. आता पाळणाघर डोळ्यांसमोर आणा. एकाच्या तोंडातला रबरी हत्ती दुसऱ्याच्या तोंडात. मावशी एकाचं नाक पुसते आणि त्याच हाताने पुढच्याला केळं भरवते. सगळ्यांची नाकं पुसायला एकच पंचा. यात कुणाचा दुष्टपणा नाही. बारा पोरं आणि दोन मावश्या असल्या की असंच होतं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या परिसरातल्या पाळणाघरांत हात धुण्यावर आणि नाक पुसण्याच्या पद्धतीवर एक शिस्तशीर चाचणी झाली. जिथे नियम नीट पाळले गेले, तिथे दोन वर्षांखालच्या मुलांच्या सर्द्या १७ टक्क्यांनी कमी झाल्या. १७ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण दहा-बारा सर्द्यांतल्या दोन कमी होणं म्हणजे आईच्या किती रजा वाचल्या, ते नोकरी करणाऱ्या बाईला विचारा.

सगळेच विषाणू मात्र हाताने जात नाहीत. फ्लू, करोना, गोवर बंद खोलीच्या हवेतूनही पसरतात. आपल्या शाळेच्या वर्गांना समोरासमोर मोठ्या खिडक्या होत्या आणि बहुतेकींची तावदानं फुटलेली होती. पावसाळ्यात शेवटच्या बाकावरचे भिजायचे. आज मी शहरातली पाळणाघरं बघते, तर भिंतीवर कार्टून, खाली मऊ गादी, एसी चालू आणि खिडक्या सीलबंद. महिन्याची फी ऐकून तुम्ही खुर्ची धराल. मला विचाराल तर दोन खिडक्या उघड्या असलेली, अंगण असलेली साधी खोली मी पसंत करीन.

नातवंडाचं पाळणाघर बघायला गेलात तर रंगरंगोटीऐवजी या गोष्टी बघा. मुलांच्या खोलीतच किंवा अगदी शेजारी नळ आणि साबण आहे का? लंगोट बदलायची जागा आणि खाण्याची जागा वेगळ्या आहेत का? झोपवताना गाद्यांमध्ये हातभर तरी अंतर आहे का, आणि एकाचं डोकं तिथे शेजारच्याचे पाय, असं आडवं-उलटं झोपवतात का? प्रत्येकाचा पेला, चमचा, रुमाल वेगळा आहे का? तोंडात घातलेली खेळणी वेगळ्या बादलीत पडतात का? आणि मावशीला स्वतःला ताप आला तर तिला पगारी सुट्टी मिळते का? हा शेवटचा प्रश्न विचारला की संचालिका गोंधळतात. पण खाडा झाला की पगार कापला जाणार असेल, तर ती बिचारी खोकत येणारच, आणि एका मावशीच्या कुशीत दिवसाला बारा मुलं जातात.

आता सगळ्यात अवघड भाग. आजारी मुलाला पाळणाघरात पाठवायचं की नाही?

नुसतं नाक वाहतंय म्हणून घरी ठेवायचं ठरवलं, तर सगळी पाळणाघरं रिकामी पडतील. त्याचा फारसा उपयोगही नाही, कारण सर्दी दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल ती वाटत असतं. मूल खेळतंय, खातंय, ताप नाही, तर जाऊ द्या. घरी ठेवायचं ते ताप असेल, मलूल असेल, पीत-खात नसेल, खोकून उलट्या होत असतील किंवा श्वास जोरात चालला असेल तेव्हा. हा नियम सोपा आहे, पण पाळला जात नाही. का, ते एका बाळावरून सांगते.

एका पावसाळ्यातली गोष्ट. अकरा महिन्यांचा मुलगा. आईने त्या महिन्यात दोन रजा घेतल्या होत्या, तिसरी मागायची सोय नव्हती. वडील फिरतीवर. सकाळी ताप होता, तो पॅरासिटामॉल देऊन उतरवला आणि मूल पाळणाघरात सोडलं. असं करणाऱ्या आया मला आठवड्याला भेटतात आणि मी त्यांना कधी रागावत नाही. त्याआधी दोन दिवस घरात मोठ्या चुलत भावाच्या खोकल्याचं उरलेलं औषध चालू होतं. दुपारी पाळणाघरातल्या मावशीच्या लक्षात आलं की हा दूध ओढत नाहीये आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय. मावशी सातवी शिकलेल्या. त्यांनी कुणाची वाट न बघता आजीला फोन केला. आजी रिक्षाने घेऊन आल्या. मी मोजला तेव्हा मिनिटाला ६६ श्वास होते. पाच दिवस ऑक्सिजन लागला. मूल बरं झालं, छान आहे.

पण त्या पाच दिवसांत मी बाहेरच्या बाकड्यावरचं बोलणंही ऐकत होते. "तरी मी सांगत होते." "आमच्या वेळी नव्हती असली थेरं." ती आई खाली मान घालून बसलेली असायची. दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली. त्या घरात आजी तब्येतीने ठणठणीत होत्या, आजोबा निवृत्त होते, आणि दोघं दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होते. आजारपणाचे दोन-तीन दिवस आळीपाळीने सांभाळू, असं कुणी आधी ठरवलंच नव्हतं. ठरवायची पद्धतच नाही आपल्याकडे. एक तर आजी पूर्ण वेळ सांभाळणार, नाहीतर "तुमचं तुम्ही बघा".

मित्रांनो, मी मुद्दाम मित्रांनो म्हणते आहे, कारण या हॉलमधले निम्मे आजोबा आहेत. रोज नातवंडं सांभाळा असं मी म्हणत नाही. आपलीही आयुष्यं आहेत, काहींच्या नोकऱ्या अजून चालू आहेत. पण आजच घरी जाऊन सांगा, की तापाचा दिवस आमचा. रात्री अकराला फोन आला तरी चालेल. गावात राहत असाल तर हे जमतं. नातवंडं पुण्यात आणि तुम्ही इथे असाल, तर निदान मुलाला एवढं सांगा, की बाळाच्या आजारपणाची रजा त्यानेही घ्यायची असते.

लसींबद्दल भराभर सांगते. सरकारी दवाखान्यात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस मोफत मिळते. तिच्यात डांग्या खोकला, घटसर्प आणि हिब नावाच्या जंतूपासून संरक्षण असतं. न्यूमोकोकसची लस, पीसीव्ही, पूर्वी फक्त खाजगीत आणि महाग होती. २०२१ पासून ती देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. गोवर-रुबेलाची नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमाराला. यातली एकही चुकवू नका. फ्लूची लस सरकारी यादीत नाही, ती विकत घ्यावी लागते. सहा महिने पूर्ण झाल्यावर, पहिल्या वेळी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग पाच वर्षांपर्यंत दरवर्षी एक. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून एप्रिल-मेमध्ये घ्या. आणि आपणही घ्या. बाळाला कुशीत घेणारे आपणच. घरात कुणी गरोदर असेल तर तिला फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस डॉक्टरांना विचारून नक्की द्या. ते संरक्षण बाळ पोटातून घेऊन येतं. ज्यांच्या लेकी-सुना इंग्लंडात आहेत त्यांच्यासाठी, तिथे सप्टेंबर २०२४ पासून गरोदर बायकांना आरएसव्हीची लसही मिळते.

आईचं दूध पाळणाघरातही चालू ठेवता येतं. काढून ठेवलेलं दूध साध्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये दिवसभर चांगलं राहतं. ऑफिसात दूध काढायला बंद दार लागतं. तुमच्यापैकी जे साहेब झाले आहेत त्यांनी आपल्या ऑफिसात ते दार आहे का, एवढं बघावं.

आता घर. इथे माझी आपल्या पिढीशी भांडणं होतात. न्हाऊ-माखू घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी. वास मलाही आवडतो, माझ्या आजीची आठवण येते. पण निखाऱ्याचा धूर तो धूरच. त्या चार मिलिमीटरच्या नळीत तो घालू नका. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं आणि तिथून निघत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला, नाकाला कापूर किंवा बाम लावू नका. डासांची कॉइल रात्रभर जळते. एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी लावा. आणि गॅलरीत जाऊन सिगारेट ओढून आलेल्या आजोबांनी शर्ट बदलल्याशिवाय आणि हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. कोण ते मी नाव घेत नाही, मागच्या रांगेत हसू आलंच आहे.

मग करायचं काय? मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे, नाकाचे थेंब. कोमट पाणी, वरण, पेज, जे पीत असेल ते थोडं थोडं पुन्हा पुन्हा. वर्षाच्या पुढे असेल तर चमचाभर मध. वर्षाच्या आत मध अजिबात नको. आणि खोकल्याची सिरपं नकोत. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला काय झालं ते तुम्ही वाचलंत. विषारी डायएथिलीन ग्लायकॉल असलेलं खोकल्याचं औषध पिऊन लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. भेसळ नसलेलं सिरपही या वयात सर्दीचा एक दिवससुद्धा कमी करत नाही. अँटिबायोटिकही विषाणूवर चालत नाही. डॉक्टरांनी काहीच लिहून दिलं नाही तर डॉक्टर बदलू नका, ही हात जोडून विनंती.

शेवटी श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा. छाती-पोट एकदा वर-खाली झालं की एक. पूर्ण मिनिटभर मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ६० किंवा जास्त भरले, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर त्याच दिवशी डॉक्टर. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर असतील, दूध ओढत नसेल, सतत झोपाळलेलं असेल, तर मोजत बसू नका, थेट रुग्णालयात. दोन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला तरीही.

हे आकडे मी मोठ्या अक्षरांत छापून आणले आहेत. बाहेर चहाच्या टेबलावर गठ्ठा ठेवला आहे. दोन दोन प्रती घ्या. एक घरच्या फ्रिजवर लावा आणि दुसरी नातवंडाच्या पाळणाघरात मावशींच्या हातात द्या. त्यांच्यासमोर एकदा मिनिटभर मोजूनही दाखवा, कारण घड्याळाकडे आणि पोटाकडे एकाच वेळी बघायला सुरुवातीला जमत नाही.